खंडेनवमीनंतरचा पिवळा रंग

दसरा जवळ आला की लोकांच्या दारात झेंडू येतो आणि माझ्या कपाळावर आठी येते. कागलच्या बाजूला एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. नवरात्राच्या शेवटच्या माळांना तिथली मुलं फडकी घेऊन प्रयोगशाळेत शिरतात आणि वर्षभर ज्या यंत्रांकडं ढुंकून बघितलेलं नसतं त्यांना अंघोळी घालायला लागतात. सूक्ष्मदर्शकाची भिंगं ओल्या फडक्यानं पुसतात, तराजूवर हार ठेवतात आणि तराजू बिघडला म्हणून मलाच सांगायला येतात. खंडेनवमीला ज्याचं जे हत्यार असेल ते त्यानं पुजायचं, ही रीत मला मनापासून आवडते. मी फक्त दारात उभी राहून ओरडते, "हळद आत आणायची नाही! कुंकू आणा, फुलं आणा, नारळ आणा, हळद दाराबाहेर!"

"मॅडम देव मानत न्हाईत काय रं?" एकजण दुसऱ्याच्या कानात कुजबुजतो. कोल्हापुरी कुजबुज असल्यानं ती शेजारच्या वर्गातही ऐकू जाते.

"मानत्यात की. परवा जैन बस्तीतनं, देवळातनं येताना बघितलंय मी."

"मग हळदीनं काय घोडं मारलंय त्येंचं?"

मी सांगत नाही. दरवर्षी एवढं सगळं सांगत बसायचं म्हणजे तास बुडतो, आणि सांगितलं तरी मुलं हसतात. हसण्यासारखं आहेच ते. पण ज्या वर्षी ते घडलं त्या वर्षी मी हसत नव्हते.

ते दिवस असेच होते. परतीचा पाऊस रोज दुपारी दम देऊन जायचा आणि पडायचा मात्र भलत्याच गावात. हवेत ऊन आणि ओल एकत्र शिजल्यासारखी वाफ. कसबा बावड्याकडून येणाऱ्या वाऱ्याला अजून मळीचा वास लागला नव्हता, कारण कारखान्याचा हंगाम सुरू व्हायचा होता, पण ऊस डोक्याच्या वर गेला होता आणि शहरात जो तो "यंदा गाळप कधी" याच गोष्टीवर बोलत होता. मी कोल्हापुरात पीएच.डी. करत होते आणि माझ्यापाशी बोलण्यासारखं एकच होतं, ते कुणाला ऐकायचं नव्हतं. मी काचेच्या बाटलीत वाढवलेल्या टोमॅटोच्या पेशींमधला रंग मोजत होते.

हे वाक्य त्या काळात मी किती जणांना समजावलं असेल! टोमॅटोच्या कोवळ्या पानाचा तुकडा घ्यायचा, तो जंतुविरहित करून बाटलीतल्या खळीसारख्या खाद्यावर ठेवायचा. काही आठवड्यांत त्या तुकड्याचा ओबडधोबड गोळा होतो, त्याला कॅलस म्हणतात. तो ना पान असतो, ना मूळ, ना फळ. नुसता फुगून बसतो. त्यात थोडे पिवळे-केशरी रंग असतात, गाजरात आणि टोमॅटोत असतात त्याच घराण्यातले, कॅरोटिनॉइड नावाचे. खाद्यात साखर कमी-जास्त केली तर हे रंग कमी-जास्त होतात का, हा माझा प्रश्न. आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं मी या प्रश्नाला दिली होती.

आमचं घर कागलजवळ, शेतीचं. अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टोमॅटोचा प्लॉट त्या वर्षी झकास आला होता. सुट्टीला गेले की ते बांधावर उभं राहून माझी तोंडी परीक्षा घेत.

"बाटलीत टोमॅटो लावतीस व्हय?"

"टोमॅटो नाही अण्णा, पानाचा तुकडा. त्याचा गोळा होतो."

"मग गोळ्याचं रोप?"

"माझ्या कामात नाही."

"मग फळ?"

"नाही."

"मग करतीस काय गं त्येचं?"

"वाटते. वाटून त्याचा रंग मोजते."

 अण्णांनी समोरच्या लालभडक सरींकडं हात केला. "हितं आपोआप झाल्यात की लाल. मोजायचं काय त्यात?"

 मी चिडून घरात गेले आणि अव्वाच्या, म्हणजे आईच्या, हातची टोमॅटोची चटणी खाल्ली. चटणी फार चांगली झाली होती, याचाही मला राग आला.

रंग मोजण्याचं काम नाजूक आणि कटकटीचं. हे रंग उजेडानं विटतात, म्हणून भर दुपारी खिडक्यांना काळे कागद लावून अंधुकात काम करायचं. उष्णतेनं विटतात, म्हणून बर्फ हवा. बर्फ आमच्या विभागात नव्हता, तो मी थर्मासमधून आणायची आणि रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की त्यांना वाटायचं, कुणीतरी दवाखान्यात ॲडमिट आहे. गोळा चिनी मातीच्या खलात घालायचा, चिमूटभर वाळू, थंडगार ॲसिटोन, आणि बत्त्यानं घोटत राहायचं. ॲसिटोनचा वास नाकातून डोक्यात चढतो आणि बोटांची कातडी पांढरी पडते. मग तो रस गाळून, गाळ खाली बसावा म्हणून एका यंत्रात गरगरा फिरवून, काचेच्या चौकोनी नळीत भरून दुसऱ्या यंत्रात ठेवायचा. हे यंत्र त्यातून ठरावीक रंगाचा उजेड सोडतं आणि किती उजेड अडला ते सांगतं. जितका अडला तितका रंग. ऐकायला साधं आहे. फक्त तेवढ्यात लाइट जाते. लाइट आली की यंत्र तापायला वेळ घेतं, यंत्र तापेपर्यंत रस विटतो, आणि रस विटला की गोळा परत जोडता येत नाही. वाटला तो गेला.

माझ्यापाशी मिरवण्यासारखं एकच होतं. माझ्या बाटल्यांना बुरशी लागत नसे. ऊतीसंवर्धनाच्या कामात सगळ्यांना बुरशीचा ताप असतो, एकदा हाताचा वारा चुकीचा गेला की आठवड्यात बाटलीत पांढरा कापूस उगवतो आणि सगळं फेकावं लागतं. माझ्या रांगा मात्र स्वच्छ असायच्या. दुसऱ्या विभागातल्या मुली बघायला यायच्या. त्या दिवसांत माझं लग्न जमत नव्हतं, पेपर छापून येत नव्हता, गावात मला बिनकामाची समजत होते, पण बाटल्या स्वच्छ होत्या. माणसाला असं काहीतरी लागतं.

आणि आमचे सर. इंगवले सर बावड्याचे, घरचा ऊस, आवाज असा की उसाच्या फडात या टोकाला बोलले तर त्या टोकाला कोयता थांबावा. माझे मार्गदर्शक. चपला बाहेर, केस बांधलेले, उघड्या बाटलीवर बोलायचं नाही, असे त्यांचे कडक नियम होते आणि ते स्वतः दारातूनच "काय गं, आलं का रीडिंग?" असं ओरडत आत यायचे. यंत्रं माणसांसारखी रुसतात, हा त्यांचा ठाम समज. यंत्र नीट चालेना झालं की त्याच्या पाठीवर थाप मारायचे. कधीकधी ते चालू व्हायचं, हे अधिकच वाईट, कारण मग पुढच्या वेळी जास्त जोरात.

त्या वर्षी खंडेनवमीला मी घरी होते. अण्णांच्या ट्रॅक्टरला हार घालून, खुरप्यांना कुंकू लावून, पुरणपोळी खाऊन, दसऱ्यानंतर कोल्हापूरला परत आले. प्रयोगशाळेत सगळ्या यंत्रांवर हळदी-कुंकवाची बोटं आणि वाळलेला झेंडू. मी फुलं गोळा केली, टेबल पुसलं, खिडक्यांना काळे कागद लावले आणि कामाला लागले. दिवाळीच्या सुट्टीआधी माझं समितीपुढं सादरीकरण होतं. मुदतवाढ आधीच एकदा घेऊन झाली होती. या वेळी दाखवायला काही नसेल तर नोंदणीच रद्द होणार, हे विभागातल्या शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे मला त्याची प्रेमानं आठवण करून देत होते.

जास्त साखरेतले गोळे लवकर काळवंडतात, म्हणून मी नेहमी तिथून सुरुवात करायची आणि कमी साखरेकडं उतरत यायची. पहिला आकडा आला तो बघून मी यंत्र बंद करून परत चालू केलं. इतका रंग माझ्या गोळ्यांनी कधी दाखवला नव्हता. दुसरा त्याहून थोडा कमी. तिसरा अजून कमी. असं करत सगळ्यात कमी साखरेच्या गोळ्याला सगळ्यात कमी रंग. आलेखाच्या कागदावर ठिपके मांडले तर रंकाळ्याच्या बांधावरून उतरावं तसे सुरेख ओळीनं उतरत होते. मी सगळे गोळे वाटून टाकले. मागं काही ठेवलं नाही, कारण वर्षानुवर्षं जे हवं होतं ते येत होतं आणि मला थांबवेना.

सरांनी कागद उजेडाकडं धरला. "साखरंनं रंग चढतोय! आगं, हे कोल्हापुरात न्हाय कळणार तर कुठं कळणार?" त्यांनी विभागभर पेढे वाटले. ज्याला त्याला कागद दाखवला. ऊस, साखर आणि टोमॅटो यांवर त्यांनी चहाच्या टपरीवर एक व्याख्यानच दिलं, आणि चहावाल्यानं त्यांना विचारलं, "मग सर, टोमॅटोला साखर घालायची काय आता?"

तो आठवडा मी हवेत होते. आता विचार करते तेव्हा वाटतं, रंग दिसणं आणि रंग असणं यांत केवढं अंतर असतं! बाजारात आपण टोमॅटो हातात घेतो, दाबतो, लाल दिसला की पिशवीत टाकतो. त्याच्या आत काय आहे ते आपल्याला कुठं ठाऊक असतं? मी तर व्यवसायानं आत बघणारी. आणि मलाही लाल-पिवळं दिसल्यावर पिशवीत टाकायचीच घाई झाली.

सुट्टीआधी भांडी नीट धुवून ठेवावीत म्हणून मी खल साबणाच्या पुडीनं घासायला घेतला. एरवी आम्ही तो पाण्यानं आणि ॲसिटोननं धुवायचो, साबण नाही. जुना खल, तळाशी चकाकी गेलेली, बारीक भेगा पडलेल्या, त्या भेगा थोड्या पिवळट. जुन्या भांड्याला असतातच डाग. मी साबणाचं पाणी टाकलं आणि त्या भेगा लाल झाल्या.

लग्नाच्या हळदीनंतर ज्यानं कुणी कपडे धुतलेत त्याला हे सांगायला नको. पिवळा डाग, साबण लागला की लाल. मी खल हातात घेऊन तशीच उभी राहिले. हळद पाण्यात विरघळत नाही, ॲसिटोनमध्ये छान विरघळते. पहिल्या गोळ्याबरोबर जास्त उतरली, दुसऱ्याबरोबर थोडी कमी, आणि प्रत्येक घोटण्यासरशी खल स्वच्छ होत गेला. माझ्या सुरेख उतरत्या ओळीत टोमॅटोचा वाटा किती आणि हळदीचा किती, हे आता देवालाही सांगता आलं नसतं. मी दुसऱ्या भेगेवर स्वच्छ कापसानं ॲसिटोन फिरवलं. कापूस पिवळा झाला. मला रडू आलं नाही. मला इतका संताप आला की मी खल आधी खाली ठेवला, कारण तो फुटला असता.

सर केबिनमध्ये होते. यंत्रांची पूजा दरवर्षी तेच करायचे. मी विचारलं, खंडेनवमीला खलात काय केलं होतं.

"हळद कालवली की. वाटी घरी ऱ्हायली. मग काय ॲसिडच्या बीकरात कालवू व्हय? देवाचं काम हाय ते."

"सर, आपल्या रीडिंगमध्ये हळद आली आहे."

"धुतला की गं मी! दोनदा धुतला."

"पाण्यानं?"

"मग काय गुलाबपाण्यानं?"

मी कापूस टेबलावर ठेवला. ते बघत राहिले. "हळदीनं काय हुतंय? हळद जंतू मारती," ते म्हणाले, पण आवाज खाली आला होता. सरांचा आवाज खाली आलेला मी त्याआधी ऐकला नव्हता. मग त्यांनी खुर्ची मागं सरकवली, खिडकीपाशी गेले, परत आले. माझी अपेक्षा होती की ते म्हणतील, चुकलं. ते म्हणाले, "बरं. समितीपुढं हे हळदीचं नको. लोक हसतील. कल्चरला बुरशी लागली म्हण, सगळं गेलं म्हण. बुरशी कुणाला लागत न्हाय? मुदत मागू आपण."

"माझ्या बाटल्यांना लागत नाही."

"आगं, म्हणायचं. लागली न्हाय तरी म्हणायचं."

त्या वाक्याचा राग मला अजूनही येतो. पूजा त्यांची, हळद त्यांची, काम त्यांनी बुडवलं, आणि गलथान ठरायचं मी! बुरशी म्हणजे काय ते समितीतल्या प्रत्येकाला कळतं: पोरीचा हात अस्वच्छ. माझ्याजवळ जे एक होतं तेच त्यांना हवं होतं, आणि तेही सहज, पेन मागावं तसं.  आपल्याकडं मार्गदर्शकाला काही बोलत नाहीत. मी खोलीवर गेले आणि भांडी आपटत पिठलं केलं.

नवे गोळे वाढायला दीड-दोन महिने लागणार होते आणि सादरीकरण चार दिवसांवर. तो सुंदर आलेख माझ्या फाइलमध्ये होताच. तो दाखवला असता तर कुणालाही कळलं नसतं. सरांनी ते सुचवलंही नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. त्या चार दिवसांत मला त्यांच्या बाजूनं एवढं एकच सापडलं.

सादरीकरणाच्या खोलीत पंखा आवाज करत फिरत होता. समितीच्या अध्यक्ष बाहेरगावच्या एक वयस्कर बाई होत्या, खळ घातलेली सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर. मी काम कसं केलं ते सांगितलं. त्यांनी विचारलं, "मोजमाप कुठाय?"

"नाही."

"का?"

सर पंख्याकडं बघत होते. बुरशीचं वाक्य मी जिना चढताना पुन्हा पुन्हा घोकलं होतं, ते आता ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडून बसलं. मला माझ्या स्वच्छ रांगा दिसल्या. मी म्हणाले, "मोजलं होतं. पण ज्या खलात गोळे वाटले त्यात हळद होती. त्यामुळं सगळी रीडिंगं टाकून दिली."

"हळद?" कुणीतरी खुसकन हसलं. बाई हसल्या नाहीत. "प्रयोगशाळेतल्या खलात हळद कशी आली? हा निष्काळजीपणा आहे. कोणाचा?"

 नाव घ्यायचं माझ्या जिभेला जमलं नसतं, आणि खोटं मला बोलायचं नव्हतं. खोलीतले सगळे माझ्याकडंच बघत होते, कारण खल वापरणारी मीच. मनात म्हटलं, झालं, गेली नोंदणी, आता अण्णांच्या बांधावर बसून टोमॅटो मोजायचे.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सर उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"माझा," ते म्हणाले. "खंडेनवमीला मी कालवली हळद. धुतला तोबी मीच, आणि नीट धुतला न्हाय. या पोरीच्या बाटलीला आजवर बुरशी लागलेली न्हाय, पायजे तर आत्ता चला बघायला. हिचा हात स्वच्छ हाय. माझा न्हाय." आणि एवढं बोलून खाली बसायच्या ऐवजी ते तसेच उभे राहिले, शिक्षा झालेल्या विद्यार्थ्यासारखे, बाईंनी "बसा" म्हणेपर्यंत.

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "पुढच्या वर्षी पूजा करणार का?"

"करणार की," सर म्हणाले. "देवाचा काय दोष?"

मुदत मिळाली. मला वाटलं, जिन्यात सर काहीतरी बोलतील, मीही बोलेन, आभार मानीन. ते स्कूटरपर्यंत माझ्यावर ओरडत गेले. "बुरशी म्हण म्हणून सांगितलं हुतं का न्हाय तुला? एवढं सोपं हुतं! भरल्या सभेत उभं केलंस मला!" रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि मी त्यांच्यावर चिडलेलीही होते. आजही त्या माणसाची आठवण आली की दोन्ही एकदम होतं, आणि आधी कुठलं होतं ते मला सांगता येत नाही.

कारखान्याचा हंगाम सुरू झाला, बावड्याकडून मळीचा वास यायला लागला, थंडी पडली. नवे गोळे तयार झाले. मी नवा खल आणला, पुन्हा खिडक्यांना काळे कागद लावले, पुन्हा थर्मासमधून बर्फ वाहिला. आकडे आले. कमी साखर, जास्त साखर, सगळे जवळपास सारखेच. ना चढ, ना उतार. टोमॅटोच्या त्या हट्टी गोळ्यांना माझ्या साखरेचं काहीच पडलं नव्हतं.

कागद घेऊन मी केबिनमध्ये गेले. सरांनी तो उजेडाकडं धरला.

"एवढंच?"

"एवढंच, सर."

त्यांनी कागद माझ्या हातात परत दिला. "मग एवढंच लिही की."